मुठीला रंग चढला

कापसाच्या मुलखात पांढऱ्या मुठीचे चाकू विकायला बसणाऱ्या माणसाचं मला कौतुक वाटतं. दसऱ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे पांढरंच असतं. शेतात बोंडं, ओसरीत गंजी, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेले पुंजके. त्यात तीन इंची पात्याचा, पांढऱ्या मुठीचा घडीचा चाकू एकदा पडला, की तो पुन्हा भेटतो तो जिनिंगच्या रोलरलाच.

असे चाकू आमच्या घरात घाऊक आले. मेहुण्याला आठवडी बाजारात स्वस्त दिसले, त्याने घरटी एक न घेता डोकीमागे एक घेतला. मेहुण्याचं प्रेम कायम डझनाच्या भावात असतं. पोत्याची सुतळी कापायला, संत्रं सोलायला, ठिबकच्या नळीला तिरका छेद द्यायला चाकू उत्तम. फक्त कुणाचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना. धार कुणीच लावत नव्हतं. त्यामुळे बोथट निघाला तो दुसऱ्याचा आणि धारदार निघाला तो आपला, असा सर्वमान्य कायदा झाला. वडिलांच्या मते त्यांचा चाकू ‘मेहुण्यानेच परत नेला’ होता.

अशा भांडणांवर आपल्याकडे जुना उपाय आहे, नाव घालण्याचा. वाटी-चमच्यापासून पिंपापर्यंत सगळ्यावर देणाऱ्याचं नाव, प्रसंग आणि तारीख कोरलेली असते. पुढेमागे कुणी उत्खनन केलं, तर आमचा इतिहास निव्वळ बारशांचा आणि मुंजींचा निघेल. पण भांड्यावर नाव घालणाऱ्याने प्लॅस्टिकची मूठ उलटसुलट पाहिली आणि अपमान झाल्यासारखी परत केली. ऑइलपेंट लावावा तर घामाच्या हाताने चार दिवसांत पोपडे निघतात. तेव्हा रंग वरून लावायचा नाही, आत मुरवायचा, असं मी ठरवलं. ‘ठरवलं’ हा शब्द आमच्या घरी फार भीतीने ऐकला जातो.

प्लॅस्टिक म्हणून आपण जे सरसकट एका टोपलीत टाकतो, त्यात स्वभावाने एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी असतात. बादलीचा पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही आणि रंगही घेत नाही. तो उकळून उकळून गॅस संपेल, पण तो जसाच्या तसा. नायलॉन तेवढा माणसाळलेला. नायलॉन ६ बराच काळ पाण्यात ठेवला, तर स्वतःच्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. पाणी जिथे शिरतं तिथे रंगालाही वाट मिळते. ओळखायची रीत सोपी आहे. मूठ सुटी करून पेल्यात टाकायची आणि बोटाने दाबून अडकलेली हवा काढायची. पाण्याहून हलका असल्यामुळे पॉलिप्रॉपिलीन वर येतो. नायलॉन बुडतो. एबीएस नावाचं प्लॅस्टिकही बुडतं आणि रंगाच्या बाबतीत फसवतं, ही गोष्ट वेगळी. आमची मूठ बुडाली, तेव्हा घरात आनंद फक्त मला झाला.

मूठ सुटी करणंही सोपं नव्हतं. तिला चांदणीच्या आकाराचे इवलेसे स्क्रू. त्याचा पेचकस चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडे मिळाला. पातं आणि स्प्रिंग बाजूला काढणं भाग होतं, कारण पुढे आंबट पाणी येणार होतं आणि आंबट पाण्यात लोखंडाला सगळ्यात आधी जो रंग चढतो तो गंजाचा.

मग रंगारी. ड्रेसवर दुपट्टा जुळवून देणारा हा माणूस यवतमाळात पिढीजात बसलेला आहे.

“काय रंगवाचं हाय?”

“चाकूची मूठ.”

त्याने जराही आश्चर्य दाखवलं नाही. “मॅचिंग कशाशी कराचं?”

कशाशीच नाही म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. पण ‘नायलॉन’ ऐकताच त्याने रेशमाच्या रंगाचा डबा पुढे ओढला. “दोघायले एकच पुडी चालते जी.” रसायनशास्त्राचं अख्खं प्रकरण त्याने या पाच शब्दांत आटोपलं. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या वॉलेस करोदर्सने नायलॉन बनवला, त्यातली सांधेजोड रेशमातल्या सांधेजोडीच्याच जातीची आहे. रेशीम, लोकर, केस, नख, शिंग, सगळे त्याच भावकीतले. म्हणून ॲसिड डाय नावाचे रंग या सर्वांना धरतात, सुताला मात्र नीट धरत नाहीत. पाण्यात थोडं आम्ल हवं. त्याने नायलॉनच्या टोकांवर धनभार येतो आणि ऋणभाराचा रंग तिथे जाऊन चिकटतो. आम्ल म्हणजे व्हिनेगर, आणि व्हिनेगर म्हणजे चायनीजची गाडी. गाडीवाल्याने अर्धी बाटली देताना विचारलं, “घरी मंचुरियन करता का?” मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर व्हिनेगर मिळालं नसतं.

भांड्याचा प्रश्न सर्वांत बिकट. जर्मनचं पातेलं आंबट पाण्याने खराब होतं, स्टीलचं द्यायला बायको तयार नाही. “अहो, त्यात पुन्हा कधी दूध तापवायचं नाही ना?” नाही. “वरण?” तेही नाही. मग तिने आमच्या लग्नात माझ्या आत्याने दिलेलं, आत्याचं नाव घातलेलं पातेलं क्षणाचाही विचार न करता काढून दिलं.

परसातली चूल पऱ्हाट्यांवर पेटवली. ज्याच्या कापडाने सुती कापडाचं गिऱ्हाईक पळवलं, तो नायलॉन कपाशीच्याच काटक्यांवर शिजायला बसला. मूठ आधी भांड्याच्या साबणाने घासून तिच्यावरचं तेल काढलं. पाणी उकळीच्या जरा अलीकडे, खळखळ नको. उष्णतेने नायलॉनच्या साखळ्या सैलावतात आणि रंग आत जातो. थंड पाण्यात रात्रभर ठेवून काही होत नाही. अर्धा तास ढवळत बसायचं, वाळवणाच्या पापडांवर लक्ष ठेवल्यासारखं नव्हे, खरोखर लक्ष ठेवून.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. तिथल्या रंगकामाची माहिती असलेला एक मित्र नेमका त्याच वेळी आला. त्याच्या मते खरी जादू निळीची. सूत रंगाच्या हौदातून पिवळट हिरवं बाहेर येतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. आणि ती नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, कडेलाच राहते, म्हणून जीन्स विटते आणि विटली म्हणून महाग विकली जाते. “तुझी मूठ विटली तर भाव वाढल का?” असं विचारून तो चहा पिऊन गेला.

मूठ लाल निघाली. अशी लाल, की वडिलांनी चष्मा पुसला. काळ्या मातीत दिसणारी, सोयाबीनच्या हिरव्यात दिसणारी, कापसात तर कोसावरून दिसणारी. नारिंगीचाही विचार होता, पण फाल्गुनात टिपेश्वरकडे पळस फुलला की तो रंग हरवेल. अर्थात तिथे वाघांच्या शेजारी चाकू शोधत फिरायला वन खातं परवानगी देणार नाही.

मग घरात रंगांची वाटणी झाली. बायकोने मोरपंखी घेतला, साडीवर जातो म्हणून. वडिलांनी हळद सुचवली, स्वस्त आणि शुद्ध. हळद चढलीही झकास. पण हळदीचा स्वभाव असा, की साबण लागला तर लाजून लाल होते आणि उन्हात ठेवली तर उडून जाते, आणि यवतमाळचं ऊन पंचेचाळीस अंशांचं. वडिलांचा चाकू धुतल्यावर माझ्यासारखा दिसू लागला आणि भांडण मूळपदावर आलं. काळ्या मुठीचा चाकू घेऊन “पांढरा करून द्या” म्हणणारेही आले. रंगाने गडदाकडेच जाता येतं, उलट नाही. हे समजावताना मला केस काळे करणाऱ्या एकाही पाहुण्याच्या डोक्याकडे पाहवलं नाही.

मदतीला बसलेल्या भाच्याची बोटं मात्र लालच राहिली. त्वचा आणि नखं नायलॉनच्याच भावकीतली, त्यामुळे पुडीने भेदभाव केला नाही. “मामा, शाळेत काय सांगू?” सांग, मेंदी. “उजव्या हाताच्या दोनच बोटांना?” सांग, मेंदी संपली.

पोळा तोंडावर आला होता. शेजारचा शेतकरी कुंपणापाशी उभा राहून बराच वेळ पातेलं न्याहाळत होता. दरवर्षी तो बैलांची शिंगं ऑइलपेंटने रंगवतो आणि महिनाभरात ती पोपडे धरतात.

“हे शिंगाले लागन का जी?”

लागेल, म्हटलं. शिंग आणि नायलॉन भावकीतलेच. पक्का बसेल, पावसाने जाणार नाही. फक्त अर्धा तास शिंग जवळजवळ उकळत्या पाण्यात बुडवून ठेवावं लागेल. “बैल मान वाकवून उभा राहील तितका वेळ?”

त्याने गंभीरपणे विचार केला.

“राह्यला असता जी. पन पोळ्याले आमी बैलाले कामाले लावत नाई.”