स्लो न पकडणारी गाडी

धरणगावात जुनी मारुती बाळगणं म्हणजे गावाला सल्ला द्यायला हक्काचं गिऱ्हाईक मिळवून देणं. माझी ८०० कार्बोरेटरवाली. एरंडोलच्या रस्त्याला लागली की काही तक्रार नाही. पण सुरत-भुसावळ लाइनवरच्या एखाद्या फाटकाशी थांबायचा अवकाश, हिचं सुरू. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि गाडी अंग झटकून बंद. धावताना ठणठणीत नि बसल्या जागी बेजार अशी माणसंही आमच्या आळीत आहेत. निवृत्तीनंतर महिनाभरात ती घरच्यांच्या लक्षात येतात.

कुणी प्लग बदलायला सांगितले, कुणाला पेट्रोलमध्ये पाणी दिसलं. ज्यांची हयात जिनिंगच्या मशिनींपाशी गेली ते काका म्हणाले, “रेस वाढवून घ्या.” रेस वाढवली की गाडी बंद पडत नाही हे खरं, पण मग उभ्या उभ्या शेजारच्या ट्रॅक्टरशी भांडते. शिवाय अर्धा चोक ओढून वर्षानुवर्षं गाडी हाकणारी एक जमात आहे. गंमत म्हणजे निदानाच्या सगळ्यात जवळ तीच पोचलेली असते. चोक ओढल्यावर गाडी शहाण्यासारखी वागली, तर मिश्रणात हवेचं प्रमाण वाढलंय हे नक्की. एक तर जेट चोंदलाय, नाही तर हवेला चोरवाट सापडली आहे.

चोरवाट फाटकाशीच का जाणवते, याचं कारण सोपं आहे. पाय काढला की कार्बोरेटरमधली थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते, पण सिलिंडर ओढतच राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा बराच खाली जातो. गेज लावलं तर धडधाकट इंजिनात काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर दिसतो. अशा वेळी केसाएवढी चीरही हवा आत खेचते. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हा हिशेब, आणि ही हवा आलेली कार्बोरेटरला न विचारता. वेगात मात्र झडप उघडी असते. राजरोस येणारी हवाच एवढी, की चोरट्या हवेची कोण दखल घेतो?

आणि चिरा पडायला खानदेशासारखा मुलूख नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. बॉनेटखाली काय होत असेल ते रबरालाच ठाऊक. नळी आधी कडक होते, मग तडकते, तीही नेमकी निपलवर चढवलेल्या टोकाशी. वरून पाहाल तर साबूत.

आमच्या मिस्तरींनी गाडी चालू ठेवली, हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवायला लागले. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्डचा जोड, ब्रेककडे जाणारी नळी. भोवतीचे सल्लागार आपोआप गप्प. हे बालकवींचं जन्मगाव. निर्झराकडे कान लावणारा माणूस १८९० साली जिथे जन्मला, तिथे एका माणसाने पंख्याच्या घरघरीतून बारीकशी फुसफुस निवडून काढणं मला तरी शोभून दिसलं. एके ठिकाणी हात थांबला. “सर, आठे हवा ली रायनी.”

तरी खातरजमा केलीच. काही जण अशा वेळी कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला तर गाडीबरोबर भुवयाही जायच्या. मिस्तरींनी इस्त्रीवाल्याकडची पाणी फवारायची बाटली मागवली. डिलकोकडे (म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे) जाणाऱ्या, करंगळीहून बारीक नळीच्या टोकावर पाणी पडलं नि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला. पकडीने नळी दाबली, गाडी सावरली. झालं. तडकलेलं अर्धा इंच टोक कापलं, उरलेली नळी पुन्हा निपलवर चढवली. नवा पार्ट नाही, ऑर्डर नाही. उलट सगळ्यांनी मिळून वाढवलेली रेस कमी करण्यातच जास्त वेळ गेला.

नव्या गाडीत हे सुख नाही. पुष्कळ इंजेक्शनवाल्या गाड्यांत एक सेन्सर धुरातला ऑक्सिजन चाखतो, हवा जास्त दिसली की संगणक मुकाट्याने पेट्रोल वाढवतो आणि मालकाला दिवा लागेपर्यंत पत्ता नसतो. माझी मारुती निदान चारचौघांत बोंब तरी मारते. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज हल्ली पडलंय, त्यांचा संशय पंपावर. मिस्तरींचं नाव सुचवलं तर म्हणाले, “तो कानाला नळी लावणारा? त्याच्याकडे स्कॅनर तरी आहे का?”

स्कॅनर आहे, आणि चांगला आहे. ‘मिश्रण पातळ’ असा कोड तो लगेच दाखवतो. पातळ कुठून झालं, हे विचारलं की मिस्तरी खुंटीवरची नळी काढतात.