झिरो वायरमन

वीज कंपनीच्या दप्तरात वायरमन एक आणि त्याच्या वाट्याला गावं चार-पाच. म्हणून गावात दुसरा एक वायरमन असतो. त्याला नेमणूक नाही, पगार नाही, लायसन नाही. खांबावर मात्र तोच चढतो. लोक त्याला झिरो वायरमन म्हणतात. तोंडावर म्हणतात नाना.

असे नाना अंबड तालुक्यात गावागणिक एक सापडतील. खिशात टेस्टर, कमरेला पक्कड आणि खांद्यावर टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरात अडकवलेला शंभराचा बल्ब नि त्याला दोन उघड्या वायरी. मल्टिमीटर त्यांना चालत नाही. "आकडा खोटा बोलतो, बल्ब बोलत न्हाई," हे त्यांचं शास्त्र. मंडपात पुढारी कोण आलाय हे ते बघत नाहीत, माईकला अर्थिंग दिलंय का ते बघतात. कुणाच्या शेतावर डीपीचा फ्यूज गेला, कुणाची मोटार कोणत्या फेजवर बसते, कुणी रात्री आकडा टाकतो, सगळं तोंडपाठ. आकड्याचं मात्र ते कुणाला सांगत नाहीत. धंद्याची नीती आहे.

याच तालुक्यात सोलापूर–धुळे महामार्गावरच्या वडीगोद्रीहून आत वळलं की अंतरवाली सराटी. 29 ऑगस्ट 2023 ला इथं मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि हे नाव देशभर गेलं. पाठोपाठ न्या. संदीप शिंदे समिती बसली. निजामाच्या काळातल्या कागदांत कुणबी नोंदी हुडकायचं काम लागलं. कागद मोडीत, नाहीतर उर्दूत. आजोबा-पणजोबा ज्या पानात सापडतील त्या पानाचा फोटो, स्कॅन, झेरॉक्स, अर्ज. ऑनलाइन सेंटरवाल्या पोरांना जेवायला सवड उरली नाही.

अशाच एका पोरानं जुना वर्कस्टेशन कॉम्प्युटर आणला. कंपन्या अशा मशीन चार-पाच वर्षं वापरून काढून टाकतात. मग त्या जुन्या मालवाल्यांकडं येतात. झिऑन प्रोसेसर, 32 जीबी रॅम, वजन गव्हाच्या पोत्याला लाजवणारं. टेम्पोतून उतरवला, टेबलावर मांडला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंख्याचं पातंसुद्धा हललं नाही. दिवस जुलैअखेरचे, खरिपाच्या पीक विम्याची शेवटची तारीख तोंडावर आणि दारात सातबारा घेतलेली रांग.

रांगेत तज्ज्ञांची कमी नसते. एक म्हणाला व्हायरस आहे. दुसरा म्हणाला, विंडोज उडाली. तिसऱ्याच्या मेव्हण्याचा असाच झाला होता, त्यानं विकला. पोरानं तोवर आपलं ज्ञान संपवलं होतं. वायर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासून परत बसवल्या, बोर्डावरचा बिस्किटासारखा सेल बदलला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "नानाला बोलवा."

नाना आले. आधी खुर्ची, मग पाणी, मग चहा. चहा होईपर्यंत मशीनकडं बघायचं नाही, नाहीतर काम सोपं होतं असं लोकांना वाटतं. मग विचारलं, "मोटार कितीची?"

"नाना, मोटार न्हाई, कॉम्प्युटर हाये."

"तेच. कितीची?"

पोरानं पाठीमागचं लेबल वाचलं. "सातशे वॅट."

"म्हंजी एक एचपी बी न्हाई. अन् रांग केवढी!"

मग टेस्ट लॅम्प बाहेर निघाला. सॉकेटात वायरी घातल्या, बल्ब लख्ख पेटला. कॉम्प्युटरची पिन लावून दुसऱ्या टोकाच्या भोकांत वायरी घातल्या, तिथंही पेटला. "सप्लाय इथवर आला," नानांनी जाहीर केलं. रांगेतल्या व्हायरसवाल्यानं मान डोलावली, जणू तो हेच म्हणत होता.

वायर परत मशीनला लावली. पाठीमागं पॉवर सप्लायवर बारकासा हिरवा दिवा पेटला. नाना वाकले, चष्मा कपाळावरून नाकावर आला. "हा कामून पेटतो?"

"तो स्टँडबाय, नाना. बंद असला तरी पाच व्होल्ट चालूच असतेत."

नानांचा चेहरा उजळला. "मंग सांग की आधी! कंट्रोल जिवंत हाये."

आणि इथं नानांनी तालुक्यातल्या तमाम विहिरींवरचा अनुभव पणाला लावला. स्टार्टरचं हिरवं बटण मोटार चालू करत नाही. ते फक्त कॉइलला हुकूम देतं. कॉइल कॉन्टॅक्टर ओढते आणि बोट निघालं तरी तो धरून ठेवते. बोटाचं काम टिचकीचं, बाकीचं आतल्यांचं. कॉम्प्युटरच्या बटणाचं अगदी हेच आहे. ते विजेच्या वाटेत नसतंच. ते दोन पिना क्षणभर जोडतं, बोर्डाला हुकूम मिळतो, बोर्ड पॉवर सप्लायची एक वायर जमिनीला टेकवतो, मग कुठं बारा व्होल्ट सुटतात. नानांना बोर्ड कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण निदान पक्कं होतं. "हुकूम पोचंना. बटणाची वायर बघ."

पिन काढली, झाकण उघडलं. आत धूळ, एका कोपऱ्यात काळ्या लेंड्या, आणि समोरच्या बटणाकडून येणारी बारीक वायर मधेच कुरतडलेली. गोदामातल्या उंदरानं बाकी सगळ्या वायरी सोडून नेमकी हीच निवडली होती. पोरानं मोबाईलवर बोर्डाचा नकाशा काढला आणि बटणाच्या दोन पिना दाखवल्या. पिन परत सॉकेटात गेली. नानांनी टेस्टरचं टोक दोन्हींना एकदम टेकवलं. पंखा घुं करून फिरला. रांगेनं टाळ्या वाजवल्या. नानांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तसंच बटण मागवावं लागंल," पोरगा म्हणाला.

"मागवतो कशाला?" नानांनी पिशवीतून दारावरच्या बेलचं, घंटीचं चित्र असलेलं पांढरं बटण काढलं. दोन वायरी बाहेर ओढल्या, टेप गुंडाळला, बटण टेबलाच्या कडेला दोन स्क्रूंनी बसवलं. टिचकी दिली की मशीन सुरू. पैशाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दे काय वाटंल ते." जे वाटेल ते दिलं की नोटांकडं असं बघायचं, की माणसाला आपोआप आणखी पन्नास वाटतात.

दुसऱ्या दिवशी एक काका आले. टेबलाशी कुणी नव्हतं. समोर घंटीचं बटण दिसलं. काकांनी ते दाबलं. कुणी येईना म्हणून दाबूनच उभे राहिले. असं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन जागच्या जागी बंद पडते. तशी ती पडली, आणि अर्धवट भरलेला कुणाचा तरी विमा तिच्यासोबत गेला.

पोरगा तावातावानं नानांकडं गेला. नाना शांत. त्यांनी बटण उखडून टेबलाच्या खाली, आतल्या अंगाला लावलं. वायर पायाच्या मागून फिरवली, कुणाच्या बापाला दिसू नये अशी.

"नाना, उद्या मी नसलो अन् दुसरा कुणी दुरुस्तीला आला, तर त्याला सापडंल कसं? कुठं तरी लिहून ठेवू का?"

शंभर वर्षांपूर्वीची नोंद हुडकण्यात सारा मुलूख गुंतलेला असताना, नानांना हा प्रश्न अगदीच पोरकट वाटला.

"लिवायचं कशाला?" नाना म्हणाले. "मी हाये की."