पाहुणे गेले

आमच्याकडे पाहुणा "येतो हं" म्हणाला की अर्धा तास धरायचा. उंबऱ्यावर पंधरा मिनिटं, फाटकाशी दहा, आणि उरलेली पाच सासूबाईंना ऐन वेळी आठवलेल्या लोणच्याच्या बरणीची. त्यामुळे होळीला बालाघाटला, सासुरवाडीला गेलो असताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, उद्या पाहुण्यांना निरोप द्यायला जाऊ," तेव्हा मी बेसावधपणे हो म्हणून बसलो. पाहुणे म्हणजे बदकं, हे पहाटे साडेचारला कळलं.

वैनगंगेच्या या खोऱ्यात जिकडे बघाल तिकडे धानाच्या बांध्या, आणि मधेमधे बोड्या नि तलाव. थंडीत उत्तरेकडचे पक्षी इथे उतरतात, ऊन तापू लागलं की परततात. मेहुण्याला पट्टकादंब दाखवायचे होते. हा हंस तिबेट-मंगोलियाकडचा. हिमालय ओलांडताना 7 हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. हे मला तलावाची पाळ चढताना सांगण्यात आलं. पाळ दोन पुरुष उंच. मी तीनदा थांबलो.

मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला बरीच वर्षं काढली. ते इथून फार लांब नाही, म्हणून मेहुणा त्यांना घरातलंच माणूस मानतो आणि 'पक्षिकोश' पोथीसारखा फडक्यात बांधून आणतो.

"दिसला? वाळक्या झाडाच्या डाव्या हाताला."

फाल्गुनात सगळीच झाडं वाळकी. दुर्बीण चष्म्यावर धरू की चष्मा काढून, हे ठरेपर्यंत तो उडालेला असे. अखेर मला माझा स्वतःचा पक्षी सापडला. राखी, धिप्पाड, निश्चल. दहा मिनिटं श्वास रोखून पाहिला. मेहुण्याने दुर्बीण घेतली, नीट पाहिलं आणि हळुवारपणे म्हणाला, "युरियाचं पोतं आहे, भाऊजी."

पलीकडे एक म्हातारी टोपलीत मोहफुलं वेचत होती. तिला विचारलं.

"ते बदकं? परवाच्या राती गेले नं बाप्पा."

"न सांगता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. जावई कुठला, एवढंच विचारलं.

मी मात्र खूश होतो. परतताना एका पळसावर पळसमैनांचा थवा तुटून पडलेला. काळं डोकं, गुलाबी अंग, चोची फुलांत; आणि गलका असा की लग्नघरची पंगत बरी. याही जाणारच, मध्य आशियात, पण जेवून. खाली रिकाम्या बांधीत सारसांची जोडी उभी होती, जवळजवळ माझ्याएवढी उंच. ती इथलीच, बारमाही. पाहुण्यांच्या येण्याजाण्याचं घरमालकाला असतं तेवढंही कौतुक तिला नव्हतं. धानातलं तिचं घरटं शेतकरी सांभाळतात. अंगात तेवढी ऐट यायचीच.

संध्याकाळी मी "येतो हं" म्हणालो. उंबरा झाला, फाटक झालं. जीपमध्ये बसलो तर मेहुणा वही काढून लिहीत होता. डोकावलो. पट्टकादंबाच्या खाली माझं नाव. आगमन मांडलेलं, प्रयाणापुढे वेळ.

तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अगंबाई, बरणी!" आणि आत पळाल्या.

मेहुण्याने खिशातून खोडरबर काढलं.