थुंकीचं घर

"काय गो वयनी, काल दिवसभर धाकट्याची स्कूटर दिसली नाही ती? पोरगी बघायला गेलेला की काय?"

गडग्यापलीकडे काकी काठी घेऊन बसल्या होत्या. पावसाळ्यासाठी सुंगटं वाळत घातलेली, कावळे टपलेले.

"कसली पोरगी, काकी! पाखरं बघायला गेलेला. पहाटे चारला पेडण्याहून निघाला. किरणपाणीचा पूल, आरोंदा, शिरोडा, वेंगुर्ला करत थेट निवतीला. तिथून होडीनं वेंगुर्ला रॉक्सला."

"त्या दीपगृहाच्या खडकांवर? बोडकी बेटं ती!"

"बोडकी म्हणूनच सुरय पक्षी तिथे अंडी घालतात. माणसाची वर्दळ नाही ना."

"पोटात काय होतं का पोराच्या?"

"पातळ भाजी-पाव खाऊन गेलेला. अर्ध्या वाटेत समुद्रालाच वाढून आला!"

"आणि एवढं करून बघितलं काय?"

"पाकोळी."

"पाकोळी? ती तर आपल्या तारेवर रोज बसते!"

"मीही हेच म्हटलं, तर मलाच शिकवायला लागला. आई, तारेवर बसते ती भिंगरी. पाकोळीचे पाय इवलेसे, तिला तारेवर बसताच येत नाही, कपारीला लटकते. आणि ही तिकडची तर काळोख्या गुहेत टिकटिक करत, वटवाघळासारखी आवाजावर वाट काढते. घरटं कशाचं, माहितेय? थुंकीचं!"

"शी गो! सुंगटांपाशी असलं बोलू नको."

"खरंच. थुंकी वाळली की घट्ट होते. त्यात पिसं, गवत. अर्ध्या वाटीसारखं खडकाला चिकटवलेलं, आत दोन अंडी. आणि पुढचं ऐका, चिनी लोक त्याचं सूप करून पितात."

"अरे देवा! आणि आमची मुंबईची पाहुणी खुब्यांना नाक मुरडते!"

"अंदमानात हिची एक बहीण नुसत्या थुंकीचं पांढरं घरटं करते, त्याला भाव फार. आपलीच्या घरट्यातली पिसं निवडत बसावं लागतं. तरी चोरांनी सोडलं नाही. आणि अभ्यासकांनीही नाही. हुमायून अब्दुलाली म्हणून मुंबईचे मोठे पक्षीतज्ज्ञ, ते 1940 च्या सुमारास या पाकोळ्या नि सुरयांवर लिहून गेलेत म्हणे."

"पण मी म्हणते, इतकं लांब कशाला? तुझं माहेर डिचोलीचं. तिथून चोडण किती जवळ! तेही बेटच ना?"

"सांगितलं की! 1988 पासून सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरचं. भरतीला होडीत बसायचं, खारफुटीतनं फिरायचं, उलटीबिलटी काही नाही. तर म्हणतो, चोडणला आधी मावशीला भेटावं लागतं, मग पाखरांना."

"ते मात्र खरं हां. तुझी बहीण जेवल्याशिवाय सोडायची नाही. फोटो आणले?"

"आणलेत, पण गुहेचं तोंड कुठे ते कळू नये असे. होडीवाल्यानं बजावलंय, बोभाटा झाला की चोर पोचतात. तुम्हीही कुठे बोलू नका."

"मी कशाला बोलू? माझ्या पोटात काय राहत नाही का?"

वयनी आत वळल्या. काकी काठी तिथेच टेकवून उठल्या नि पलीकडच्या गडग्याशी गेल्या.

"गो मावशे, ऐकलंस? वयनीचा धाकटा निवतीला गेलेला..."

मागे कावळे निवांतपणे चटईवर उतरले.