चक्री फिरून राहिली

महाल भागातल्या बडकस चौकाजवळच्या एका शाळेत परवा आठवीच्या वर्गात मागे बसलो होतो. भिंतीवर मोठा पडदा, विषय रक्ताभिसरण. हृदयाचा पहिला ठोका पडला आणि चित्र थांबलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, चक्री फिरून राहिली!” बाईंनी थोडी वाट पाहिली, मग खडू घेऊन हृदय फळ्यावर काढलं. सुरेख काढलं. पण आदल्या रात्री घरी बसून त्यांनी तो व्हिडिओ शोधला होता, ती मेहनत पाण्यात गेली.

शाळेचा उपाय ठरलेला: आणखी महागाचं इंटरनेट. चुकीचा उपाय आहे. सेकंदाला एक मेगाबिट धरला, तर दहा मिनिटांचा व्हिडिओ 75 एमबीचा. 40 मुलांनी आपापल्या टॅबवर उघडला की तोच धडा 40 वेळा बाहेरून येतो, म्हणजे 3,000 एमबी. उद्या शेजारच्या तुकडीने लावला की पुन्हा तेवढेच.

महालात नळ आला की आपण गुंड, ड्रम, टाकी भरून ठेवतो. तहान लागेल तेव्हा नळाची वाट पाहत बसत नाही. धड्यांचीही टाकी करा. ऑफिसातला जुना डेस्कटॉप, मोठी हार्ड डिस्क आणि जेलीफिनसारखं फुकट सॉफ्टवेअर. रात्री लाइन मोकळी असते तेव्हा धडे एकदाच उतरवायचे, दिवसा सगळ्या वर्गांनी शाळेतल्या मशिनवरून पाहायचे. बाहेरची केबल तुटली तरी तास चालू. पैसे घाला ते आतल्या वायरिंगवर. एका स्वस्त राउटरवर 40 टॅब लादले तर चक्री आहेच. आणि व्हिडिओच्या फाइली एच.264 या प्रकारात ठेवा, जुने टॅबही त्या विनातक्रार चालवतात.

पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल कॉलेजच्या पोरांनी 1996 मध्ये हेच सुरू केलं. खोलीगणिक डिश कशाला, म्हणून उपग्रहावरचा टीव्ही त्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर सोडला. त्याच खटपटीतून व्हीएलसी प्लेअर आला. नारिंगी शंकूचं ते चित्र आपल्या शाळांच्या कितीतरी कॉम्प्युटरवर आहे.

टाकीत काय भरायचं, यावर मात्र मी हटून बसेन. कुणाचाही व्हिडिओ ओरबाडून आणू नका. खान अकॅडमीचे धडे मराठीत आहेत, त्यांच्या परवान्याच्या अटी वाचा आणि वापरा. सरावाचे प्रश्नही हवे असतील तर कोलिब्री हे सॉफ्टवेअर बसवा, ते नेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलंय. आणि सगळ्यात आधी आपल्या बाईंना कॅमेऱ्यात टिपा.

तास संपल्यावर पोरांनी फळा पुसला. बाईंचं हृदय डस्टरखाली गेलं. कुणी चार मिनिटं मोबाइल धरला असता, तर आठवी ‘ब’लाही ते दिसलं असतं.