चार दिवसांत गुण

"अगं, दळण टाकून ये निवांत, आधी दोन मिनिटं थांब. आमची नात आलीय पुण्याहून. दिसली का तुला?"

"काल गच्चीत होती, काकू. पण ऊन उतरल्यावरसुद्धा तोंडाला ओढणी कशाला?"

काकूंनी मागे घराकडे नजर टाकली आणि कुंपणाच्या आणखी जवळ आल्या. आवाज मात्र तेवढाच. काकूंचं हळू बोलणं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतही ऐकू जातं.

"गालभर पुटकुळ्या! आणि लालबुंद. दिवाळीत आली होती तेव्हा थोड्याशा होत्या, एक ट्यूब लावली, चार दिवसांत सगळं साफ. संक्रांतीला ट्यूब संपली आणि आठवड्यात हे असं. नजर लागली म्हणायची."

"चार दिवसांत साफ? काकू, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. मुरमांचं खरं औषध चार दिवसांत गुण देतच नाही. आमच्या चिरंजीवांचं बघितलंत ना अकरावीत?"

"बघितलं की. मी तुला जायफळ उगाळून दिलं होतं."

"दिलं होतंत. त्याआधी त्यानं टूथपेस्ट लावली, लिंबू चोळलं, ते भाजून डाग पडले ते वेगळेच. शेवटी नेलं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी दोन ट्यूबा दिल्या. सकाळी अडीच टक्क्यांची बेंझॉइल पेरॉक्साइड, ती जंतू मारते. रात्री अ‍ॅडापलीन, ती केसांच्या मुळाशी भोकं बुजू देत नाही. भोक बुजलं की आत तेल साठतं, जंतू वाढतात, मग फोड. म्हणून फोडावर ठिपका देऊन उपयोग नाही. मटाराच्या दाण्याएवढी जेल घ्यायची आणि अख्ख्या चेहऱ्याला पातळ लावायची. उद्या येणारा फोड आज अडवायचा असतो."

"आणि मग लगेच गेले?"

"कुठले! पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा, सालं निघतायत, फोड उलट जास्त. रोज भांडण. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी तग धरला. आठ ते बारा आठवडे लागतात म्हणाल्या. जास्त झोंबलं तर एक रात्र सोडून लावायचं, दिवसा सनस्क्रीन. आणि एक सांगते, त्या सकाळच्या ट्यूबेनं माझे सगळे रंगीत टॉवेल आणि उशांचे अभ्रे डागाळले. रंगच उडतो. ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं हो."

"आमच्या भाचीला नुसती अँटिबायोटिकची जेल दिली होती, क्लिंडा की काय."

"क्लिंडामायसिन. ती एकटीच महिनोन्महिने लावली की जंतू तिला दाद देईनासे होतात. जोडीला पेरॉक्साइड हवं. बरं, तुमच्या नातीचं लग्न वैशाखात ना? मग डॉक्टरांना ते आधी सांगा. दिवस राहायचा विचार असेल तर ती रात्रीची जेल चालत नाही. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड वगैरे देतात मग."

"इश्श! अजून मांडव पडला नाही!"

"मांडवाचं जाऊ द्या. त्या जादूच्या ट्यूबवर काय लिहिलंय? बीटामेथासोन? क्लोबेटासोल? मोमेटासोन?"

काकू आत जाऊन रिकामी, पार पिळून काढलेली ट्यूब घेऊन आल्या. चष्मा नव्हता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.

"क्लोबेटासोल! काकू, हे स्टिरॉइड. लाली, सूज झटक्यात बसते म्हणून चेहरा साफ वाटतो. आत कातडी पातळ होत जाते, बारीक शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते. आणि थांबवलं की दुपटीनं उसळतं. 2018 साली सरकारनं अशा बऱ्याच क्रिमा चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. पण काउंटरवर चिठ्ठी मागतो कोण? आता तिनं परत नवी ट्यूब आणून लावू नये आणि घरचा लेपही नको. त्वचेच्या डॉक्टरकडेच न्या, पार्लरात नाही. पण मेडिकलवाल्यानं पोरीच्या चेहऱ्याला ही दिलीच कशी?"

काकूंनी पदर नीट केला.

"तिला नव्हती दिली गं. ह्यांना दिली होती, जांघेतल्या नायट्यासाठी. फडताळात होती, मीच म्हटलं लाव."

"आणि काकांचा नायटा?"

"आता पोटापर्यंत आलाय."

"येणारच! स्टिरॉइडनं खाज थांबते, बुरशी पसरत राहते. काकू, एकाच रिक्षेत दोघांनाही न्या."

"ह्यांना? हे म्हणतात, ट्यूब संपली म्हणून वाढलाय. सकाळीच नवी आणायला गेलेत."