कांदा, चप्पल आणि उजळणी

रानातल्या प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत शिळं होतं, हे आमच्या ट्रेकर मंडळींतल्या ज्येष्ठांना काही केल्या पटत नाही. सह्याद्री तोच, माणसाची हाडं तेवढीच, मग पुन्हा वर्ग कशाला? येतात मात्र सगळे. दुपारच्या जेवणाची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली असते.

उजळणीत नवं शिकवतात त्यापेक्षा जुनं पुसतात जास्त. छाती दाबण्याचंच घ्या. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती हा क्रम २०१० साली बदलला आणि छाती पहिली आली. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच-सहा सेंटिमीटर. सरावाच्या पुतळ्यावर पुरेसं दाबलं की 'टक्' वाजतं. आमचे एक काका विहीणबाईंना चुकून धक्का लागावा इतक्या संकोचाने दाबत होते. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, लावा जोर. ते आधीच गेलेत, दुखणार नाही त्यांना." टक् काही वाजलं नाही, काका मात्र घामाघूम.

खरी पंचाईत सर्पदंशाची. वर करकचून दोरी, ब्लेडने चीर, तोंडाने विष ओढणं हे सगळं आमच्या पिढीने सिनेमात बघून पाठ केलेलं. आता यातलं काहीच करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालायला लावू नका आणि दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्याचीही गरज नाही. तरी 'कुठला होता ते बघू' म्हणत दोघं काठ्या घेऊन झुडपात शिरतातच. मग रुग्ण तीन.

विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, आणि आमच्यात अजून उतारा कोण चांगला टाकतो यावर वाद. फिट आलेल्याच्या नाकाला कांदा लावायचा की चप्पल, यावरही दोन घराणी आहेत. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतायला तर सगळेच एका पायावर तयार. भोवती दहा माणसं असताना 'काही करू नका' हा उपचार अमलात आणायला आवाजच मोठा लागतो. तो आमच्यात एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंकडे आहे, त्यांना प्रत्येक ट्रेकला आग्रहाने नेतो.

शेवटी शिट्टी. संकटात मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. ही आल्प्समधली रीत. पावसाळी रविवारी आपल्याकडे शिट्टी मारली तर तीन नव्हे, तीस परत येतात, आणि समोरच्या धारेवरून कुणीतरी 'जय भवानी' अशी आरोळी ठोकतो. त्यावर मोडल्या पायाच्या माणसालाही 'जय शिवाजी' म्हणावंच लागतं.